चेक केलंय!

आमच्या घरात सकाळ भूपाळीने उगवत नाही, 'चेक'ने उगवते. "दूध आलं का, चेक करा." "नळाला पाणी आहे का, चेक करा." "गीझर बंद केलात का ते चेक केलंत?" अंथरुणात असतानाच ही तीन कामे माझ्या अंगावर येऊन पडतात. मी उठून दूध बघतो, पाणी बघतो आणि गीझर बघतो. आल्यावर मात्र "बघितलं" असे न म्हणता "चेक केलं" असे म्हणतो. तसे म्हटले की काहीतरी अधिकाराचे काम उरकून आल्यासारखे वाटते. बघणे काय, कोणीही रिकामटेकडा बघतो. चेक करायला माणूस जबाबदार लागतो.

एका रविवारी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि सकाळी सात ते नऊ या दोन तासांत घरात हा शब्द किती वेळा उच्चारला जातो ते मोजले. एकतीस वेळा. त्यात सौ.चे चौदा, चिरंजीवांचे नऊ (त्यातले सात मोबाइल चेक करण्याचे), कन्येचे पाच आणि माझे तीन. माझ्या तिनांपैकी एक, मोजणी बरोबर झाली आहे का ते चेक करण्यासाठी खर्ची पडला.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजी शब्द मराठीत घुसल्याचे हे रडगाणे जुनेच आहे. तर तसे नाही. मी राहतो दापोडीत. पवना जिथे मुळेला मिळते, तिथले हे गाव. पुणेकराला ते हॅरिस पूल ओलांडल्यावर लागते आणि पिंपरी-चिंचवडकराला हॅरिस पुलाशी संपते. एका अंगाला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा, दुसऱ्या अंगाला मिलिटरी इंजिनिअरिंगचे कॉलेज, मधून लोणावळ्याची लोकल. अशा ठिकाणी राहून कुणाला सोवळ्यातली मराठी बोलता येत नाही. इथे 'शिफ्ट'ला पाळी म्हटले तर गैरसमज होतात आणि 'स्पॅनर'ला पाना म्हटलेले मात्र सगळ्यांना समजते. म्हणजे ज्याचे जे चालते ते चालते. त्यामुळे माझे भांडण इंग्रजीशी नाही. माझे भांडण या एका क्रियापदाशी आहे, आणि तेही वैयक्तिक आहे. ते का, ते शेवटी सांगतो. आधी आरोपीची ओळख करून देतो.

मी बँकेत क्लार्क आहे. बँकवाल्याला हा शब्द दोन्ही बाजूंनी छळतो, कारण आमच्याकडे चेक ही वस्तूही आहे आणि कृतीही. काउंटरवर रोज घडणारा संवाद ऐका.

"माझा चेक चेक केला का?"

"कोणता चेक?"

"काल टाकलेला चेक."

"चेक करतो."

इतक्यात केबिनमधून साहेब ओरडतात, "त्यांचा चेक झाला का?" मी म्हणतो, "चेक आलाय साहेब, पण चेक व्हायचाय." एकदा तर गिऱ्हाइकाचा शर्टही चेक्सचा होता. मागे रांगेत उभी असलेली एक परप्रांतीय बाई हे सगळे ऐकून, आपण चुकून चेकोस्लोव्हाकियाच्या वकिलातीत आलो की काय, अशा चेहऱ्याने बाहेरची पाटी वाचून आली. (तो देश १९९३ सालापासून नाही, पण तिचा चेहरा होता तसा.)

यावर उपाय म्हणून सरकारने 'धनादेश' दिला. स्लिपांवर तो छापलेलाही असतो. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत तोंडाने धनादेश मागणारे एकच गृहस्थ मला भेटले. ते मराठीचे निवृत्त प्राध्यापक होते, आणि त्यांनाही मी "काय?" असेच विचारले.

आमचे इंग्रज पूर्वसूरी या बाबतीत धूर्त. त्यांनी वस्तूचे स्पेलिंग शेवटी क्यू-यू-ई लावून वेगळे केले आणि कृतीचे सी-के लावून वेगळे ठेवले. अमेरिकन माणूस दोन्ही सी-केनेच उरकतो. आपला १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट इंग्रजांच्या हातचा, म्हणून आपल्याकडे क्यूवाला चेक चालतो. पण मुळात हे दोन शब्द एकच आहेत. चेकबुकात मागे राहणारा जो अर्धा तुकडा असतो, त्याला अठराव्या शतकात इंग्लंडात चेक म्हणत, कारण लबाडीला त्याचा चाप बसे. पुढे तुकड्याचे नाव अख्ख्या कागदाला मिळाले.

आणि त्याच्याही मागे गेलो तर गंमत अशी, की हा शब्द साहेबाचा नव्हेच. तो बुद्धिबळाच्या पटावरून आला. फारसीत राजाला 'शाह' म्हणतात. राजावर हल्ला झाला की खेळणारा "शाह!" म्हणून ओरडायचा. म्हणजे, "थांब, तुझा राजा धोक्यात आहे, आधी तिकडे बघ." हा 'शाह' अरबांकडून फ्रान्सात गेला, तिथे त्याची चाल बिघडली, आणि इंग्लंडात उतरला तो 'चेक' होऊन. आपल्याकडे तोच 'शाह' 'शह' होऊन आला. म्हणजे आपण शह-काटशह म्हणतो तो शह आणि आपण गीझरला करतो तो चेक हे सख्खे भाऊ. एक शिवाजी महाराजांच्या आधीपासून इथेच राहिला, दुसरा परदेशात शिकून आला. 'चेकमेट' म्हणजे 'शाह मात', आणि आपण संकटावर मात करतो ती मातही त्याच घराण्यातली. पटावरच्या घरांवरून चौकड्यांचे कापड 'चेक्स' झाले. इंग्लंडच्या राजाचे हिशेबनीस तसलेच चौकड्यांचे कापड टेबलावर अंथरून त्यावर सोंगट्या मांडून हिशेब करीत, म्हणून तिथल्या खजिन्याला 'एक्स्चेकर' नाव पडले. तात्पर्य, चेक्सचा शर्ट घालून चेक चेक करणारा बँक क्लार्क हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने अत्यंत शुद्ध प्राणी आहे.

हे कळल्यावर मला या शब्दाबद्दल आदर वाटू लागला होता. मूळ अर्थ केवढा मोठा! थांब. राजा धोक्यात आहे. आणि आज त्याच शब्दाने आपण दुधाची पिशवी बघतो.

पण खरी गोम पुढेच आहे. चेक करणे म्हणजे नेमके काय करणे, हे मी एकदा बसून लिहून काढले. सोयीसाठी चेकच चेक करायला घेतला. माझ्यासमोर चेक आला की मला काय काय करावे लागते? एक, तारीख पाहायची. २०१२ च्या एप्रिलपासून चेक तीनच महिने जिवंत असतो, त्याआधी सहा महिने असे. दोन, आकड्यातली आणि अक्षरातली रक्कम एकमेकींशी ताडायची. फरक असला तर कायदा अक्षरांच्या बाजूने असतो, आणि आम्ही चेक परत करण्याच्या बाजूने. तीन, सही जुळवायची. ही पंचवीस वर्षांपूर्वी माणसाने खाते उघडताना उमेदीत केलेली असते आणि आता संधिवाताने केलेली असते. चार, कागद उजेडाकडे धरून त्यातला वॉटरमार्क निरखायचा. पाच, खात्यात शिल्लक आहे का ते बघायचे. रक्कम मोठी असली तर २०२१ पासून आणखी एक, म्हणजे खातेदाराने आधी कळवलेल्या तपशिलाशी पडताळणी करायची.

बघा, पाहणे, ताडणे, जुळवणे, निरखणे, बघणे, पडताळणे. सहा कामे, सहा शब्द. एक डोळ्याचे, एक बुद्धीचे, एक आठवणीचे, एक उजेडाचे. साहेब मात्र विचारतात, "चेक केला?" आणि मी म्हणतो, "केला." या सहांपैकी मी काय केले हे साहेबांना कळत नाही. खरे सांगायचे तर सायंकाळी पाचनंतर मलाही कळत नाही.

मराठीचे मोठेपण मला इथे कळले, आणि ते कुठल्या ग्रंथात नाही, भाजी मंडईत कळले. माझी आई बाजाराला निघाली की मी पिशवी धरायला असे. ती कलिंगड थापटून बघायची. नारळ कानाशी धरून हलवून बघायची. माठ वाजवून घ्यायची. खरबूज हुंगून बघायची. भेंडीचे टोक मोडून बघायची आणि भाजीवाल्याने डोळे वटारले की तीच भेंडी पिशवीत घालायची. घरी आल्यावर तांदूळ निवडायची, पीठ चाळायची, गहू पाखडायची, आमटी चाखून बघायची, भाताचे शीत दाबून बघायची आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायची. दिवसभरात वीस गोष्टी ती तपासत असे, आणि एकदाही 'चेक' म्हणत नसे. पण महत्त्वाचे ते नाही. महत्त्वाचे हे, की तिने "हुंगून बघ" म्हटले की नाक लावावेच लागे. "चाखून बघ" म्हटले की जीभ लावावी लागे. "मोजून बघ" म्हटले की बोटे लागत. मराठी माणूस नुसते बघायला सांगत नाही, कशाने बघायचे ते आधी सांगतो. हुकुमातच रीत असते. काम न करता "हुंगलं" म्हणणे अवघड, खोटे लगेच नाकावर दिसते. न करता "चेक केलं" म्हणणे मात्र अगदी सोपे आहे, कारण त्यात करायचे काय होते हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आमच्या शेजारी एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक राहतात. त्यांना मी हा सिद्धान्त ऐकवला. ते म्हणाले, "अहो, आम्ही पण कागदावर 'चेक्ड'च लिहायचो. पण उस्ताद शिकवायचा तेव्हा असं नाही शिकवायचा. तो म्हणायचा, नट पिळून बघ, बेरिंग फिरवून बघ, टायर ठोकून बघ, इंजिन चालू करून ऐक. नुसतं चेक कर म्हणाला असता तर पोरगं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून आलं असतं." हे सांगून त्यांनी माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकाला बोटाने ठोकले आणि "हवा कमी आहे" असे सांगितले. ती स्कूटर मी त्याच सकाळी चेक केली होती.

आणि नवल असे, की जिथे खरोखर काही पणाला लागलेले असते तिथे मराठी माणूस अजूनही 'चेक' हा शब्द आत येऊ देत नाही. निवडणुकीत उमेदवारी अर्जांची छाननी होते, चेकिंग नाही. अर्ज बाद झाला की माणूस पाच वर्षे बाहेर. जातीच्या दाखल्याची पडताळणी होते आणि त्यासाठी समित्या बसतात. पोलीस झडती घेतात. गुन्ह्याचा तपास होतो. सोनार कस लावतो. मुलगी बघायला जातात. (हल्ली मुलीही मुलगा बघतात, आणि अधिक बारकाईने बघतात.) "आम्ही रविवारी मुलगी चेक करायला येतो" असा निरोप कोणी पाठवला तर रविवारी दाराला कुलूपच मिळेल. उलट जिथे फारसे काही बिघडणार नसते, किंवा बिघडले तरी ते दुसऱ्याचे बिघडणार असते, तिथे 'चेक' बिनबोभाट चालतो.

मी शुद्धिवादी नाही, हे पुन्हा सांगतो. शब्दांची ही झाडलोट आपल्याकडे जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. सावरकरांनी मेयरचा महापौर केला आणि तो आता इतका रुळलाय की मेयर म्हणजे कोण ते विचारावे लागते. राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघाले आणि कचेरीत नवे शब्द आले. सगळेच काही फसले नाहीत. एस.टी.चे आगार, वाहक, चालक, थांबा हे शब्द पाट्यांवर वाचता वाचता तोंडात बसले. तेव्हा मराठी शब्द टिकत नाहीत ही तक्रार खोटी आहे. माझी अडचण वेगळी आहे. 'चेक'ने मराठीतला एक शब्द घालवला असता तर मी गप्प बसलो असतो. याने एका फटक्यात दीड डझन घालवले, आणि त्यांच्याबरोबर ती कामे करायची सवयही नेली.

आमच्या दापोडीला २०२३ च्या ऑगस्टमध्ये मेट्रोचे स्टेशन सुरू झाले. जिना चढून आत गेले की तपासणी असते. अंगावरून एक दांडी फिरवतात, ती कुंई करते. माझ्या खिशात किल्ल्या असोत, चष्म्याची पेटी असो, ती कुंई करते आणि गडी मला "चला" म्हणतो. एकदा मी खिसे रिकामे करून गेलो. दांडी मुकी राहिली. तेव्हा मात्र त्याने मला थांबवले आणि दांडीच चेक केली. मला त्याचे मनापासून कौतुक वाटले. आवाज नाही म्हणजे काहीतरी चुकले, असे ज्याला वाटते तोच खरा तपासनीस.

आता माझ्या वैयक्तिक भांडणाकडे येतो.

'चेक'चे वर्तमानकाळी रूप "चेक करतो" हे बँकेत कृती दाखवत नाही. त्याचा अर्थ "आपण आता जावे" असा आहे. "चेक करून सांगतो" याचा अर्थ "आपण आता जावे आणि पुढच्या आठवड्यात यावे" असा आहे. भूतकाळी "चेक केलंय" याचा अर्थ "याबद्दल मला विचारू नये". हे व्याकरण मी वीस वर्षे बिनचूक वापरत आलो.

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना. बँकवाल्याचा नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांची जत्रा. प्रत्येकाने वर्षातून एकदा येऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. बोटाच्या ठशावर चालणारा 'जीवन प्रमाण' २०१४ सालीच निघाला होता, पण म्हाताऱ्या बोटांवरच्या रेषा भांडी घासून गेलेल्या असतात, यंत्राला त्या दिसत नाहीत, तेव्हा कागदी दाखलाही चालायचा. त्या गर्दीत एक आजी आल्या. पंचाहत्तरीच्या असतील. यजमान सरकारी खात्यात होते, ते गेल्यावर फॅमिली पेन्शन मिळत होते. आजींनी पिशवीतून पिशवी, तिच्यातून रुमाल, रुमालातून कागद काढला. मी कागद घेतला. फोटो होता, सही होती. "नीट आहे ना रे बाबा?" आजींनी विचारले. मी म्हटले, "चेक करतो आजी, तुम्ही या आता."

मग मी तो नंबर संगणकात घातला. पेन्शनचा नंबर लांबलचक असतो. त्याचे शेवटचे दोन आकडे त्रेसष्ट होते. आता मराठीत त्रेसष्ट म्हणताना आधी तीन येतो आणि मग साठ. मी मनात "त्रेसष्ट" म्हटले आणि बोटांनी आधी तिनाचे बटण दाबले, मग सहाचे. त्रेसष्टातले सहा आणि तीन समोरासमोर बसून गप्पा मारणारे, मी त्यांना उलटे बसवून छत्तीसचा आकडा करून टाकला. तो नंबर दुसऱ्याच एका पेन्शनरचा होता. म्हणजे जो गृहस्थ बँकेत आलाच नव्हता तो माझ्या कृपेने त्या दिवशी हयात झाला, आणि ज्या आजी समोर उभ्या होत्या, खोकत होत्या, माझ्याकडे बघून हसल्या होत्या, त्या संगणकाच्या लेखी राहिल्या नाहीत.

नंबर घातला की पडद्यावर नाव येते. तेही आले होते. पुरुषाचे नाव होते. मी ते पाहिले, वाचले नाही.

आमच्याकडे एकाने भरायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे, अशी पद्धत आहे. चूक होऊ नये म्हणून चार डोळे ठेवले आहेत. साहेबांनी विचारले, "चेक केलंय ना?" मी म्हटले, "केलंय." त्यांनी बटण दाबले. त्यांनी माझे काम चेक केले नाही, माझे "केलंय" चेक केले. चार डोळ्यांनी मिळून एकही नाव वाचले नाही.

जानेवारीत आजी आल्या. डिसेंबरची पेन्शन जमा नव्हती. समोर तीस माणसे होती. मी पासबुक हातात घेतले, परत दिले आणि म्हणालो, "वरून उशीर होत असेल. चेक करून सांगतो." आजी गेल्या. व्याकरणाप्रमाणे मी विसरलो.

फेब्रुवारीत पुन्हा आल्या. या वेळी उभ्या राहिल्या नाहीत, बाकावर बसून राहिल्या. गर्दी ओसरल्यावर काउंटरशी आल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी एवढेच विचारले, "चेक करायचं म्हणजे काय करतात रे बाबा? म्हणजे किती दिवस लागतात?" त्यांना वाटले होते ते काहीतरी मोठे काम असणार. दोन महिने त्या कामाची वाट पाहत त्यांनी वाण्याकडे उधारी केली होती आणि ब्लडप्रेशरची गोळी रोजची एकाआड एक घेत होत्या. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. पैसे कसे पुरवले ते विचारल्यावर हिशेब म्हणून सांगितले.

मी उठलो, नोव्हेंबरची फाइल काढली, दाखला काढला आणि नंबरावर एक-एक आकडा बोट ठेवत वाचला. एक मिनिट लागले. घड्याळ लावून सांगतो, एक मिनिटसुद्धा लागले नाही. दोन महिने थकलेले पैसे जमा व्हायला पुढे आणखी काही दिवस गेले, ते साहेबांनी मनावर घेतले म्हणून लवकर झाले. मला कोणी रागावले नाही. चूक सिस्टिममध्ये झाली असे ठरले. सिस्टिमला मुलेबाळे नसतात, तिला चालते.

त्या रात्री मला त्या फारसी राजाची आठवण झाली. समोर राजा धोक्यात असला की "शाह" म्हणून ओरडायचे, थांबायचे आणि हलण्याआधी तिकडे बघायचे, असा त्या शब्दाचा अर्थ. आमच्या काउंटरवर तोच शब्द आम्ही नेमका उलटा वापरतो. थांबायला लागू नये म्हणून. इंग्रजी मोठे आहे, त्यात या एका शब्दाला चाळीस अर्थ असतील. त्यातला "थांब" हा पहिला अर्थ विमानातून उतरताना तिकडेच राहिला, आणि "झालं एकदाचं" हा आम्ही इथे घातलेला अर्थ कुठल्याही इंग्रजी कोशात सापडायचा नाही.

तेव्हापासून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. "चेक करतो" असे म्हणायचे नाही. काय करणार ते म्हणायचे. "वाचून बघतो." "मोजून बघतो." "सही जुळवून बघतो." "साहेबांना विचारून बघतो." सुरुवातीला गिऱ्हाइके घाबरली. आमच्या काउंटरवर नवीन माणूस आलाय असे वाटून दोघे-तिघे परतही गेले. साहेब म्हणाले, "तुम्ही फार स्लो झालात." मी म्हटले, "हो साहेब, वाचत बसतो." या नियमाचा एक तोटाही आहे. "मोजून बघतो" म्हटले की मोजावे लागते. सवय जायला वर्ष गेले. घरी मात्र नियम चालत नाही. तिथे गीझर अजून चेकच होतो, आणि महिन्यातून एकदा रात्रभर चालूही राहतो.

पुढच्या नोव्हेंबरला आजी आल्या. पिशवीतून पिशवी, पिशवीतून रुमाल, रुमालातून कागद. या वेळी मी त्यांना खुर्ची दिली, त्यांच्यासमोर नंबर मोठ्याने वाचला, पडद्यावर आलेले नाव वाचले, आणि ते त्यांचेच आहे का हेही विचारले. "माझंच आहे," आजी म्हणाल्या. बटण दाबल्यावर आलेल्या पावतीची प्रत मी त्यांच्या हातात दिली.

आजींनी चष्मा चढवला. पावती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. आकड्यांवर बोट ठेवून ओठ हलवत शेवटपर्यंत गेल्या. त्रेसष्टवर बोट जरा जास्त वेळ थांबले. मग कागदाची घडी करून रुमालात, रुमाल पिशवीत आणि पिशवी पिशवीत ठेवून त्या उठल्या.

"राहू दे बाबा," त्या म्हणाल्या, "मी चेक केलंय."